काळी चार

बालाघाट,
आषाढी एकादशीनंतरचा सोमवार

चि. बाळास,

परवा तुझा फोन आला तेव्हा दारात दूधवाला उभा होता, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. नंतर दिवसभर तुझा प्रश्न मनात घोळत होता. दोन वर्षं दर महिन्याला पैसे भरून तू त्या गाण्यांच्या ॲपवर साडेचारशे गाणी उतरवून ठेवलीस. शिष्यवृत्ती लांबली, एक हप्ता चुकला आणि सगळी गाणी मुकी झाली. नावं दिसतात, फोनमधली जागाही अडलेली आहे, पण वाजत एकही नाही. तू विचारलंस, "आजी, मग मी इतके दिवस उतरवून घेतलं ते काय?"

गाणं तुझ्या फोनमध्ये आलं होतं, बेटा, पण कुलपासकट आलं होतं. किल्ली दर महिन्याला त्यांच्याकडून येत होती. करारात ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, त्यामुळे भांडायला जागा नाही. आपल्याजवळ असणं वेगळं आणि आपलं असणं वेगळं, हे तुला विसाव्या वर्षी कळलं. तुझ्या आबांना आणि मला ते फार उशिरा कळलं आणि फार महागात पडलं. ती हकीकत तुला कधी नीट सांगितलीच नाही, म्हणून हे पत्र.

आबांनी १९९९ साली घरात कॉम्प्युटर आणला. भरवेलीच्या खाणीतून दुपारची पाळी संपवून यायचे, चहा घ्यायचे आणि टायपिंगला बसायचे. त्यांच्या आईच्या, म्हणजे तुझ्या पणजीच्या ओव्या त्यांना उतरवून ठेवायच्या होत्या. मराठी टायपिंगसाठी एक सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं. त्याच्याबरोबर बोटाएवढं एक लॉक यायचं. ते कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या जागी लावलं तरच सॉफ्टवेअर उघडायचं. दोन वर्षांत आबांनी सहाशे चौदा ओव्या टाईप केल्या. पुढे एका पावसाळ्यात वीज पडली आणि घरातला टीव्ही, पंखा, कॉम्प्युटर, सगळं एकदम गेलं. ओव्यांची फाईल सीडीवर होती, ती वाचली. पण लॉक जळलं होतं आणि नव्या कॉम्प्युटरला ते लावायची जागाच नव्हती. विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, नवीन आवृत्ती घ्या, जुन्या फाईली त्यात उघडतीलच असं नाही. फाईल साध्या पद्धतीने उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. ओवीचा एक शब्दही नाही. आबा ती फाईल महिन्यातून एकदा तरी उघडून बघायचे. २०१४ साली ते गेले. स्वतःच्या आईचे शब्द स्वतःच टाईप करून स्वतःलाच वाचता येईनात, हे त्यांना शेवटपर्यंत सलत होतं.

ती फाईल मेलेली नव्हती. मराठीच्या त्या जुन्या फाँटांत मराठी अक्षरं साठवलेलीच नसायची. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. कोणत्या जागेवर कोणतं चित्र, हा तक्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा. फाँट गेला की चित्र गेलं, उरलं ते इंग्रजी अक्षर. देवनागरीला स्वतःचे क्रमांक युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली मिळाले होते. पण ते आपल्या घरापर्यंत पोचायला पुढे खूप वर्षं गेली.

आबांच्या कपाटात तीन छापील पानं सापडली. डॉट मॅट्रिक्सवर काढलेली, कडेला भोकं असलेली. ती पानं आणि पडद्यावरची ती चिन्हं शेजारी ठेवून मी वहीत तक्ता करायला घेतला. हे चिन्ह म्हणजे अर्धा स, हे म्हणजे काना, हे म्हणजे अनुस्वार. सोपं वाटलं, पण दुसऱ्याच दिवशी ऱ्हस्व वेलांटीपाशी अडले. 'फिरते' या शब्दात वेलांटी दिसते फ च्या आधी, आणि जुन्या फाँटात ती साठवलीही जायची आधी. युनिकोडमध्ये मात्र आपण उच्चारतो त्या क्रमाने, आधी फ आणि मग वेलांटी. 'स्थिती'मध्ये तर ती वेलांटी अख्ख्या जोडाक्षरावरून पलीकडे न्यावी लागते. रफाराचं उलट. 'पर्वत' लिहिताना जुना फाँट रफार व च्या नंतर ठेवायचा, तो मागे सरकवून व च्या आधी आणायचा. हे सगळे नियम मी वहीत मांडले आणि गल्लीतल्या पॉलिटेक्निकच्या मुलाने ते पायथनमध्ये बसवले. पायथन ही भाषा कुणालाही वापरता येते, उघडून बघता येते. चार रविवार गेले. पाचव्या रविवारी पडद्यावर पहिली ओवी आली, त्यात जात्याचा खुंटा होता, विठ्ठल होता आणि पणजीच्या माहेरच्या गावाचं नाव होतं. मी त्या मुलाला शिरा करून घातला.

त्या दिवसापासून मी ठरवलं की या घरातली कोणतीही आठवण, उघडायला दुसऱ्याची परवानगी लागेल अशा डब्यात ठेवायची नाही. मी लिनक्स काहून वापरते, एवढा खटाटोप काहून करते, असं तू नेहमी विचारतोस. कारण हे आहे.

आपल्या भाषेला यात एक सोय आहे. लिनक्ससारख्या सॉफ्टवेअरला इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की फुकट का मोकळं, हा घोळ होतो आणि ते लिहिणाऱ्यांना दर वेळी खुलासा करावा लागतो. आपल्याकडे मोफत हा शब्द वेगळा आणि मुक्त हा वेगळा. तुझ्या फोनमधली निम्मी ॲप मोफत आहेत, मुक्त नाहीत. मुक्त सॉफ्टवेअर पैसे देऊनही घेता येतं. ते कशासाठीही चालवता यावं, आत कसं चालतं ते बघता आणि बदलता यावं, त्याची प्रत दुसऱ्याला देता यावी आणि बदललेली प्रतही देता यावी, या चार गोष्टी त्यात लागतात.

रिचर्ड स्टॉलमन या माणसाला हे सुचलं ते एका प्रिंटरवरून. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्याने स्वतः फेरफार करून ठेवला होता, अडकलं की वाट बघणाऱ्यांना निरोप जायचा. नवा प्रिंटर आला आणि त्याचा प्रोग्राम कुणी दाखवेना. ज्याच्याजवळ होता त्याने, वचन दिलंय, देता येणार नाही, असं सांगितलं. १९८३च्या सप्टेंबरमध्ये स्टॉलमनने ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्या प्रकल्पाला हवा असलेला गाभा लिहिला, तोच लिनक्स. मी ही गोष्ट वाचली तेव्हा मला आपल्या ओव्या आठवल्या. ओवी कुणी विकत घेतली नाही. सासूची सुनेने उचलली, तिने त्यात आपल्या भावाचं नाव घातलं, शेजारणीने एक ओळ फिरवली, आणि ती वैनगंगेच्या पलीकडे लेकीबरोबर सासरी गेली. कुणी कुणाला अडवलं नाही, म्हणून ती इतकी वर्षं टिकली.

हे काम आपल्या आधी मोठ्या माणसांनी केलं आहे, ते तुला माहीत असायला हवं. तू पुण्यात राहतोस आणि हे पुण्यातच उभं राहिलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या खेड्यांतल्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. १९९०च्या दशकात बर्नार बेल हे फ्रेंच संगणक-संगीततज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले. त्यांनी ओव्यांची माहिती संगणकात नीट रचली आणि एकशेवीस तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केलं. ते आधी गुरगावच्या संगीत-संग्रहात ठेवलं होतं, पुढे फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हांसच्या भाषा-भांडारात गेलं. २०१७पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्या ओव्या आवाजासकट प्रसिद्ध करत आहे. पॉइटवाँ २००४ साली गेले. त्यांच्या माघारी इतक्या वर्षांनी त्या बायकांचा आवाज आज तुला खोलीत बसून ऐकता येतो. रचना उघडी होती, प्रती एकाहून जास्त ठिकाणी होत्या आणि प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव आणि गाव जोडलेलं होतं. पुण्याहून परतण्याआधी एखाद्या संध्याकाळी ऐक.

आपल्या बाजूचं असं कोण करणार? १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. त्याआधी आपण सगळे एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडातले, राजधानी नागपूर. आता शाळा हिंदीत, कचेरी हिंदीत, बाजार हिंदीत. तुझा बाबा मराठी बोलतो, लिहायला कचरतो. घरात पणजी जे बोलायची ते ना भोपाळच्या कपाटात सापडेल ना मुंबईच्या. ते आपल्याच डिस्कवर राहिलं तर राहील. म्हणून मी याला छंद म्हणत नाही.

आता कॅसेटची गोष्ट. पणजीच्या सात कॅसेट आहेत, आबांनी १९८६ साली भरलेल्या. गिरणी गावात कधीच आली होती, जातं अडगळीत पडलं होतं. आबांनी ते मुद्दाम मांडलं आणि म्हणाले, "आई, दळ थोडं." ती आधी लाजली, मग सुरू झाली ती थांबेना. त्यांतल्या एका कॅसेटच्या पहिल्या बाजूला आदल्या रात्रीचं भजन आहे आणि दुसऱ्या बाजूला पहाटेच्या ओव्या. त्या दिवशी लाईट नव्हती, टेपरेकॉर्डर सेलवर चालला.

कॅसेट बाहेर काढल्या तेव्हा दोन-तीनांना बुरशी लागलेली. एकीच्या पोटातली नमद्याची इवली गादी गळून पडली होती, ती फिल्मी गाण्यांच्या एका कॅसेटमधली काढून बसवली. स्पिरिटच्या बोळ्याने टेपचं हेड पुसलं. हेडफोनच्या भोकातून वायर काढून छोट्या साउंडकार्डला, तिथून लॅपटॉपला, आणि त्यावर ऑडॅसिटी. हे सॉफ्टवेअर १९९९ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केलं. आवाजाची रेघ लाल पट्टीला टेकू द्यायची नाही एवढंच भरताना जपायचं. टेकली की तेवढा आवाज चिरडला जातो आणि परत मिळत नाही.

भजन लावलं आणि मला धक्का बसला. मंडळींचे आवाज कोवळे, ढोलकी घाईत, जणू शाळकरी मुलांनी भजन धरलंय. कारण कळायला एक दिवस लागला. सेल उतरले होते, म्हणून भरताना टेप हळू सरकली. आज ती ठरल्या वेगाने वाजते, त्यामुळे सगळं भरभर आणि वरच्या पट्टीत ऐकू येतं. मूळ वेग कुठला ते कसं कळणार? मग माळ्यावरची पेटी आठवली. त्या भजनात वाजते ती हीच पेटी, आणि मंडळाचं भजन नेहमी काळी चारमध्ये. पेटी खाली काढली, भाता पुसला, काळी चार दाबून धरली आणि लॅपटॉपवर भजन लावलं. जुळेना. एक सूर वर गेले. पांढरी सहाला जुळलं. एका सुराचा चढ म्हणजे वेगात जवळजवळ सहा टक्के. ऑडॅसिटीत वेग ५.६ टक्क्यांनी उतरवला आणि पुन्हा ऐकलं. आता आवाज मोठ्या माणसांचे झाले. मागच्या ओळीत खोकणारे ते आबाच, हेही ओळखू आलं. पुढे सेल आणखी उतरत गेले होते, त्यामुळे त्या बाजूचे चार तुकडे करून प्रत्येकाचा वेग वेगळा लावावा लागला.

यात एक गोष्ट मी कटाक्षाने पाळली. मूळ भरलेली फाईल जशीच्या तशी ठेवली, खरखरीसकट, चुकीच्या वेगासकट. दुरुस्ती नेहमी प्रतीवर. उद्या तुझ्याजवळ चांगली साधनं येतील तेव्हा तुला मूळ हवं असेल. मूळ फाईल फ्लॅकमध्ये ठेवते, २००१ साली आलेलं हे मुक्त स्वरूप. यात जागा जवळपास निम्मी लागते आणि आवाजातलं काहीच गळत नाही. एमपी३मध्ये कानाला फारसं कळणार नाही ते काढून टाकतात. ऐकायला, पाठवायला ते ठीक आहे, ठेवायला नाही. फोटोंचंही तेच. निरोपाच्या ॲपवरून आलेला फोटो सहसा आकसून येतो आणि कुणी काढला, कधी काढला ही आतली माहितीही पुसली जाते. लग्नाचे फोटो तू मला तसे पाठवलेस. मूळ पाठव, पेनड्राइव्हवर आण.

नावाचं सांगायचं राहिलं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान या गायिकेची ध्वनिमुद्रणं झाली, भारतातली अगदी सुरुवातीची. गाणं संपताना ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. तबकड्या दूर जर्मनीत छापल्या जायच्या, तिथल्या कारागिराला लेबल लावताना कळावं म्हणून. त्या तबकड्या लाखेच्या असायच्या, बरं का. आपल्या रानात पळसावर आणि कुसुमावर धरते तीच लाख. आवाजाच्या पोटातच नाव ठेवायची ही युक्ती मला फार आवडते. आज तेच काम टॅग करतात. फाईलीचं नाव कुणीही बदलेल, पण आत लिहिलेलं नाव, गाव, साल फाईलीबरोबर जातं. फिल्मी गाण्यांची माहिती म्युझिकब्रेन्झ पिकार्ड आपोआप शोधून भरतं. पणजीला जगात कुणी ओळखत नाही, तिची माहिती किड३ उघडून हाताने भरावी लागते. फोटोंसाठी डिजिकॅम आहे. त्यात सेटिंगमध्ये जाऊन, मजकूर फोटोच्या आत लिही, असं खूण करून सांगावं लागतं, नाहीतर तुझे कष्ट नुसते त्याच्या यादीत राहतात. मी हे न बघता सातशे फोटोंना नावं दिली होती. फाईलीच्या नावात साल आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे कुठेही ठेवल्या तरी ओळीने लागतात.

पुस्तकांना कॅलिबर वापर. कोविद गोयल या आपल्या माणसाने २००६मध्ये ते सुरू केलं, त्याने घेतलेलं वाचनयंत्र लिनक्सवर चालेना म्हणून. आणि काहीच वाजेना तर व्हीएलसी, ते पॅरिसच्या एकोल सेंट्रालमधल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलं होतं. ही सगळी आपापली गरज भागवायला बसलेली माणसं, आणि झालेलं काम त्यांनी उघडं ठेवलं.

प्रती तीन ठेवते. एक लॅपटॉपवर, एक कपाटातल्या डिस्कवर, एक गोंदियाला माझ्या बहिणीकडे. वीज पडली तेव्हा सगळं एकाच घरात होतं, ती चूक पुन्हा नको. दर दिवाळीला गोंदियाची डिस्क बदलून आणते आणि प्रत्येक फाईल उघडते का ते संगणकाकडून तपासून घेते. तुझ्या साडेचारशे गाण्यांचं म्हणशील तर त्यांतली खरोखर जिवाभावाची पन्नास निवड आणि जिथे कुलूप न लावता विकत मिळतात तिथून घे, नाहीतर जुन्या सीडी घे. कलाकाराचे पैसे बुडवून संग्रह करू नकोस. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं असतो, त्यामुळे फार जुन्या ध्वनिमुद्रणांची गोष्ट वेगळी.

आता कामाचं. सातवी कॅसेट अजून बाकी आहे. तिच्यात भजन नाही, पेटी नाही. नुसतं जातं, पणजी आणि मागे कोंबडा. वेग कुठला धरायचा ते मला ठरवता येत नाही, आणि माझे कानही आता वरचे सूर नीट धरत नाहीत. मी तिच्या तीन प्रती केल्या आहेत, तीन वेगांच्या. वारासिवनीला तुझ्या आबांच्या थोरल्या ताई आहेत, त्यांना चौऱ्यांशी पूर्ण झाली. आईचा आवाज आठवणाऱ्या आता त्या एकट्याच. फोनवरून ऐकवून उपयोग नाही, फोनवर सगळेच आवाज सारखे येतात. दिवाळीची वाट बघू नकोस, श्रावणात दोन दिवस सुट्टी काढ. तुझे ते चांगले स्पीकर घेऊन ये आणि दोन टीबीची रिकामी डिस्क आण. सकाळच्या गाडीने वारासिवनीला जाऊ, त्यांना तिन्ही ऐकवू. त्या ज्याला मान हलवतील तो वेग.

येताना गोंदियाला गाडी बदलताना सामान सांभाळ.

तुझी आजी